गरोदरपणातील मळमळ

सून गरोदर राहिली की आपल्या धार-देवासकडे कौतुकाने तूप ओथंबणारे दाल-बाफले पुढे येतात. पहिल्या महिन्यांत अशा जड जेवणाने मळमळ वाढते. हा नखरा नव्हे. गर्भ व वारेकडून रक्तात उतरणारे जीडीएफ-15 हे द्रव्य त्याच्या मुळाशी असल्याचे 2023 साली दिसून आले. रिकाम्या पोटीही मळमळते. म्हणून आम्ही सुचवतो, सकाळी अंथरुणातच फुटाणे किंवा कोरडी पोळी चावून खावी, मग दर दोन तासांनी थोडेथोडे. आले चघळावे. पाणी घोटघोट. फोडणीचा वास सोसत नसेल तर चूल सासूबाईंनी सांभाळावी. सोयाबीन काढणीत अवघड, पण करावे. बहुधा पाचव्या महिन्यापर्यंत त्रास थांबतो. पाणीही ठरत नसेल, लघवी कमी व गडद होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.