मोठं वर्तुळ म्हणजे जोरदार औषध नव्हे

परळला केईएम, वाडिया, टाटा ही रुग्णालयं एकमेकांच्या शेजारी. त्यांच्या फाटकांबाहेर कोकणातून, खानदेशातून, विदर्भातून आलेले नातेवाईक हातात पिशवी धरून उभे असतात. पिशवीत एक्सरे, केसपेपर आणि पुष्कळदा कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट असतो. अँटिबायोटिक औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर एकच अक्षर: एस, आय किंवा आर. एस म्हणजे जंतू त्या औषधाला दबतो, आर म्हणजे दाद देत नाही. वाचायला इतका सोपा वाटणारा आणि इतका चुकीचा वाचला जाणारा दुसरा रिपोर्ट मला माहीत नाही.

एखादं औषध एखाद्या जंतूवर चालतं का, हा प्रश्न परळला जुनाच आहे. केईएमजवळच्या हाफकिन संस्थेत, साहिबसिंग सोखी संचालक असताना, 1940च्या दशकाच्या सुरुवातीला सल्फा औषधं प्लेगवर चालतात का याचा कसून अभ्यास झाला होता. आज तोच प्रश्न प्रत्येक रुग्णाच्या जंतूबद्दल वेगळा विचारावा लागतो.

सर्वांत पक्का गैरसमज वर्तुळांचा. तपासणीची प्रचलित पद्धत 1966 साली बावर, किर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, चार मिलिमीटर जाडीच्या थरावर जंतू सारखे पसरायचे, वर औषध मुरवलेल्या सहा मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि प्लेट सुमारे 35 अंश सेल्सिअसला 16 ते 18 तास ठेवायची. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, मोकळं वर्तुळ दिसतं. मग ज्याचं वर्तुळ मोठं ते औषध जोरदार, असं कुणालाही वाटेल. पण प्रत्येक औषध आगरमध्ये वेगळ्या वेगानं पसरतं, चकतीतली मात्रा वेगळी असते आणि शरीरात ते किती पोचतं हेही वेगळं. लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारा ई. कोलाय घ्या. नायट्रोफ्युरँटॉइनभोवती 20 मिलिमीटरचं वर्तुळ आलं तर सध्याच्या अमेरिकी मानकांप्रमाणे शेरा एस. सिप्रोफ्लॉक्सॅसिनभोवती तेवढंच वर्तुळ आलं तर शेरा आर, कारण तिथं एस मिळायला किमान 26 मिलिमीटर लागतात. कोलिस्टिनचा रेणू तर इतका मोठा की तो आगरमध्ये नीट पसरतच नाही. त्याची परीक्षा चकतीनं करू नये, द्रव माध्यमात करावी, असा स्पष्ट नियम आहे.

दुसरी समजूत: एस लिहिलेल्यांपैकी कुठलंही औषध घेतलं तरी चालेल. हे धोक्याचं आहे. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयातल्या संसर्गावर उत्तम, पण रक्तात त्याची पुरेशी पातळी राहत नाही. संसर्ग मूत्रपिंडात चढून थंडीताप आला असेल तर ते उपयोगी नाही. टायफॉइडच्या जंतूवर जेंटामायसिन प्लेटमध्ये चालताना दिसतं, पण तो जंतू पेशींच्या आत दडतो आणि तिथं हे औषध त्याला गाठत नाही. म्हणून टायफॉइडच्या रिपोर्टमध्ये त्याला एस देऊच नये असं मानकं सांगतात. संसर्ग कुठं आहे, किडनी कशी आहे, बाई गरोदर आहे का, हे प्लेटला ठाऊक नसतं, डॉक्टरला असतं. रिपोर्टचा फोटो दाखवून थेट केमिस्टकडून औषध घेणं म्हणूनच चूक आहे. 2014 पासून अनेक वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स एच-वन यादीत आहेत आणि ती विकताना केमिस्टला वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते.

मधलं आय म्हणजे ‘अर्धवट चालतं’ असंही नाही. युरोपीय मानकांनी 2019 पासून त्याचा अर्थ नेमका केला: डोस वाढवला, किंवा औषध संसर्गाच्या जागी जास्त साठत असेल, तर चालेल.

‘मुद्दाम दोन-तीन दिवस लावतात’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. आधी नमुन्यातला जंतू वाढवून वेगळा करायचा, ओळखायचा, मग त्यावर चकत्या ठेवून आणखी एक रात्र थांबायचं. जंतूची वाढ घाई करून होत नाही. रुग्ण मात्र एक गोष्ट नक्की करू शकतो: अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना देणं. आधीच गोळ्या घेतल्या असतील तर कल्चरमध्ये काहीच न वाढण्याची शक्यता मोठी, आणि तसं झालं म्हणून संसर्ग नव्हता असं ठरत नाही. लघवीचा नमुना मधल्या धारेचा हवा आणि दोन तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायला हवा. बाटली उन्हात राहिली की बाहेरचे जंतूही माजतात. उलट, लघवीत जंतू वाढले म्हणजे औषध हवंच असंही नाही. काहीच त्रास नसलेल्या बहुतेकांना ते लागत नाही. गरोदर स्त्रिया हा महत्त्वाचा अपवाद.

‘माझ्या शरीराला औषधाची सवय झाली’ हे वाक्य तर घरोघरी. सवय शरीराला होत नाही. जंतू बदलतो, आणि तो बदललेला जंतू घरातल्या दुसऱ्या माणसाकडेही जाऊ शकतो, ज्यानं ते औषध कधी घेतलेलंच नाही.

टीबीत याची किंमत मुंबईनं पाहिली आहे. 2011च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे चार रुग्ण जगासमोर मांडले. त्यातल्या तिघांना आधी वेगवेगळ्या खासगी डॉक्टरांकडून दुसऱ्या फळीची औषधं एकेक करून, पुष्कळदा चुकीच्या मात्रेत दिली गेली होती. आता सीबीनॅट चाचणी रिफाम्पिसिनबद्दल साधारण दोन तासांत सांगते. पण ती सगळ्या औषधांबद्दल बोलत नाही, आणि टीबीचा जंतू इतका सावकाश वाढतो की कल्चरवरच्या तपासणीला आठवडे लागतात. पहिला रिपोर्ट हातात आल्यावरही बेडक्याचा आणखी एक नमुना मागितला जातो तो यासाठी, तो द्यावा.