‘क्लागे’ म्हणजे नुसती तक्रार नव्हे : नॉर्वेजियन कायद्याचे शब्द शिकताना

नॉर्वेत राहायला गेलेल्या आपल्या लोकांची भाषा दोन-तीन वर्षांत चांगली होते. दुकान, ऑफिस, मुलांची शाळा, सगळं निभावतं. मग एक दिवस सरकारी पत्र येतं आणि लक्षात येतं, की शब्द ओळखीचे आहेत पण पत्र कळलेलं नाही. आज आपण त्या पत्रातल्या शब्दांविषयी बोलणार आहोत.

आधी एक उदाहरण. आमच्या ओळखीच्या एका बाईंचा एका भत्त्यासाठीचा अर्ज नामंजूर झाला. पत्रात शेवटी ‘क्लागे’ या शब्दाखाली चार ओळी होत्या. रोजच्या बोलण्यात क्लागे म्हणजे कुरकूर करणं, तक्रार करणं. बाईंना वाटलं, ऑफिसातली मुलगी तर किती नीट बोलली, तिची तक्रार कशाला करायची? पत्र फाइलला लागलं. प्रत्यक्षात त्या चार ओळी सांगत होत्या, की या निर्णयावर तुम्ही वर दाद मागू शकता आणि त्यासाठी तीन आठवडे आहेत. बाईंना हे कळलं तेव्हा दोन महिने उलटले होते. उशिरा आलेला अर्ज खास कारण असेल तर घेता येतो, पण मग आधी उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं. मूळ मुद्दा राहतो बाजूला.

आमचं म्हणणं असं, की कायद्याच्या भाषेत अवघड शब्द फारसे फसवत नाहीत. ते आले की माणूस थांबतो, कोश उघडतो. फसवतात ते आपल्याला ‘येत असलेले’ शब्द.

लांबलचक शब्दांना तर मराठी माणसाने मुळीच घाबरू नये. आपण शाळेत समासाचा विग्रह करत आलोय. ‘आर्बाइद्स-मिल्यो-लोवेन’ या भल्यामोठ्या शब्दात काम, वातावरण आणि कायदा असे तीन तुकडे आहेत. शेवटचं पद मुख्य, आपल्या तत्पुरुषासारखं, म्हणून वाचायला सुरुवात शेवटून करायची. ‘तौस्हेत्स-प्लिक्त’ म्हणजे मौन अधिक कर्तव्य. डॉक्टर किंवा अधिकारी यांच्यावर असलेलं गोपनीयतेचं बंधन. फक्त मधल्या ‘स’कडे लक्ष ठेवा. ‘तिंगरेत’ म्हणजे पहिल्या पायरीचं न्यायालय. ‘तिंग्सरेत’ म्हणजे मालमत्तेविषयीचा कायदा, विद्यापीठात शिकवतात तो विषय. एका स-मुळे इमारतीचं पुस्तक होतं!

आता ‘रेत’ हा शब्द बघा. हक्क, न्यायालय, कायद्याची शाखा, बरोबर, सरळ, आणि जेवणातला पदार्थसुद्धा, सगळं रेत. ‘लोव’ म्हणजे कायदा, पण पोरगं आईला ‘फोर याय लोव?’ विचारतं तेव्हा ते परवानगी मागत असतं. ‘श्योन’ हे विशेषण म्हणून सुंदर, गोड. कायद्यात मात्र श्योन म्हणजे अधिकाऱ्याचा किंवा न्यायालयाचा तारतम्याचा निर्णय. ‘फॉरश्युनेल्से’ चर्चमध्ये ऐकलात तर तो धर्मोपदेश. तोच शब्द कोर्टाच्या लिफाफ्यावर असेल तर कागद तुमच्यावर रीतसर बजावला जातोय, आणि मुदतीचं घड्याळ बहुधा तिथून सुरू होतं. लिफाफा न उघडता टेबलावर ठेवला म्हणून ते थांबत नाही.

नोकरीच्या बाबतीत तर तीन शब्द वेगवेगळे ठेवायलाच हवेत. ‘ऑपसीगेल्से’ म्हणजे नोटीस देऊन नोकरी संपवणं; ती मालकही देतो, नोकरही देतो, आणि नोटिशीचा काळ साधारणपणे काम आणि पगार चालू राहतो. ‘पेर्मित्तेरिंग’ म्हणजे कंपनीकडे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं. नोकरीचं नातं शाबूत राहतं. तिसरा ‘आव्शेद’. रोजच्या भाषेत याचा अर्थ निरोप! निरोपाचं भाषण, निरोपाची पार्टी, सगळीकडे हाच शब्द. नोकरीच्या कायद्यात आव्शेद म्हणजे गंभीर गैरवर्तनासाठी तडकाफडकी काढून टाकणं, त्याच दिवशी. मराठीत आपण तिन्हींना ‘नोकरी गेली’ म्हणून मोकळे होतो. तिथे तसं म्हटलं, तर समोरच्याला तुमच्यावर नेमकं काय ओढवलंय तेच कळणार नाही.

याच दालनातला आणखी एक साळसूद शब्द ‘द्रॉफ्तिंग्समोते’. शब्दशः चर्चेची बैठक. कॅलेंडरमध्ये असं निमंत्रण आलं तर कोणालाही वाटेल, प्रोजेक्टबद्दल काहीतरी असेल. पण 2005 च्या त्या आर्बाइद्स-मिल्यो-लोवेनमध्ये सांगितलंय, की एखाद्याला काढायचा निर्णय घेण्याआधी मालकाने, शक्य असेल तिथवर, त्याच्याशी आणि त्याच्या प्रतिनिधीशी बोलून घ्यावं. ती ही बैठक. प्रतिनिधी बरोबर नेता येतो, हे शब्द ओळखला तरच सुचतं. आणि काढल्याचं पत्र आल्यावर ते बेकायदा आहे म्हणून वाटाघाटी मागायच्या असतील, तर लेखी मागणी दोन आठवड्यांत करावी लागते.

फौजदारी बातम्या वाचताना वेगळी गंमत होते. आपल्याकडे पोलिसांनी पकडला की वर्तमानपत्रात तो ‘आरोपी’, आणि निकालापर्यंत आरोपीच. नॉर्वेजियन बातमीत पायऱ्या असतात. ‘मिस्तेंक्त’ म्हणजे संशयित. ‘सिक्तेत’ म्हणजे ज्याच्यावर रीतसर संशय ठेवून कारवाई सुरू झाली आहे, उदाहरणार्थ अटक. ‘तिलताल्त’ म्हणजे ज्याच्याविरुद्ध आरोपपत्र निघालं. सिक्तेत आणि तिलताल्त या दोघांनाही आरोपी म्हणून टाकलं तर मधली पायरी हरवते, आणि सिक्तेत माणसाचं प्रकरण पुढे न जाता बंदही होऊ शकतं. त्या बंद होण्याला ‘हेनलाग्त’ म्हणतात. शब्द फोडला तर ‘बाजूला ठेवलेलं’ असं निघतं, पण ते तात्पुरतं ठेवलेलं नसतं. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याला ‘फॉरनॅर्मेत’ म्हणतात. रोजच्या भाषेत याचा अर्थ रुसलेला, दुखावलेला. मारहाण झालेल्या माणसाला रुसलेला म्हणताहेत की काय, असं वाटून राग येतो खरा!

मग हे शिकायचं कसं? नुसती नामं पाठ करू नका. आपण मराठीत फिर्याद ‘दाखल’ करतो, जामीन ‘मंजूर’ होतो, समन्स ‘बजावतात’. नाम आपल्या क्रियापदासकट डोक्यात बसलेलं असतं. तिथेही तसंच आहे. सरकारी कार्यालयाच्या निर्णयाला ‘वेदताक’ म्हणतात आणि कोर्टाच्या निकालाला ‘दोम’. वेदताकवर ‘क्लागे’ करायची, दोमवर ‘आंके’. मराठीत दोन्हीला अपील म्हणून चालतं, म्हणून आपली मंडळी इथे हमखास अडखळतात. मुदतीही निराळ्या: क्लागेला सर्वसाधारणपणे तीन आठवडे, दिवाणी निकालावरच्या आंकेला एक महिना, फौजदारीत दोन आठवडे. मुदतीला म्हणतात ‘फ्रिस्त’. आम्ही वहीत प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी लिहायला सांगतो: हे कोण करतं, कोणाकडे करतं, फ्रिस्त किती. मराठी अर्थ चौथा, जागा उरली तर.

छोट्या शब्दांची हेळसांड करू नका. ‘मेद मिंद्रे’ या दोन शब्दांचा कोशातला अर्थ जोडला तर ‘कमी-सह’ असं काहीतरी विचित्र निघतं. खरा अर्थ ‘नसेल तर’, ‘खेरीज’. कलमातला सगळा अपवाद त्याच्या मागे उभा असतो. तसंच ‘स्काल’ म्हणजे केलंच पाहिजे, ‘कान’ म्हणजे करू शकतो, ‘बोर’ म्हणजे केलेलं बरं. 1967 च्या प्रशासनाच्या कायद्यात क्लागेबद्दलचं कलम याचा उत्तम धडा आहे. कोणत्या निर्णयाविरुद्ध दाद मागताय आणि काय बदल हवा, हे लिहिणं, सही करणं, ही ‘स्काल’ची यादी. कारणं देणं मात्र ‘बोर’. म्हणजे कारणं सुचली नाहीत म्हणून मुदत घालवायची गरज नाही. आणि हा अर्ज जातो कुठे? ज्यांनी निर्णय दिला त्यांच्याकडेच. आपल्या लोकांना हे पटत नाही, ते थेट वरच्या साहेबाचा पत्ता शोधत बसतात. पण रीत तीच आहे: ते कार्यालय आपला निर्णय पुन्हा तपासतं, बदलला नाही तर प्रकरण वर पाठवतं.

वाचायला साहित्य फुकट आहे. ‘लोवदाता’च्या संकेतस्थळावर चालू कायदे कोणालाही बघता येतात. भाड्याच्या घराचा कायदा सुरुवातीला बरा, कारण विषय घरचाच. डिपॉझिट जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या भाड्याइतकं आणि वेगळ्या खात्यात, हे आधी माहीत असलं की वाक्यं आपोआप उलगडतात. घर विकत घेण्याचा कायदा मात्र नीनोश्क या दुसऱ्या लिखित रूपात आहे. तिथे ‘लोवेन’चं ‘लोवा’ होतं, दचकू नका.

आणि अडलं तर? ओस्लोत कायद्याचे विद्यार्थी चालवतात ती ‘युसबुस’ 1971 पासून मोफत सल्ला देते. दुभाष्यांचा कायदा 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. माणसाच्या हक्काचा प्रश्न असेल, तर सरकारी कार्यालयाने पात्र दुभाषी द्यायचा असतो, आणि मुलांना दुभाषी म्हणून वापरायला त्यात मुळातच मनाई आहे. आपल्याकडे मात्र दहा वर्षांच्या लेकीला पुढे करून आई-बाबा पत्र वाचून घेतात, कारण तिचं नॉर्वेजियन फर्डं. तिला ‘क्लागे’ येतो, हो. पण तोच, कुरकूरवाला.