आयएसओ वाढवला म्हणजे उजेड वाढला असे नाही

रात्रीच्या कीर्तनात फोटो काळा येतो, म्हणून आपण आयएसओ ३२०० वर नेतो. फोटो उजळतो आणि कॅमेऱ्याने जास्त प्रकाश टिपला, असे वाटते. असे वाटणे साहजिक आहे, पण ते खरे नाही. समोरचा उजेड तोच असेल, तर आत किती प्रकाश येणार हे अ‍ॅपर्चर (भिंगातले कमी-जास्त उघडणारे छिद्र) आणि शटर स्पीड (प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ) ठरवतात. डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओ फक्त टिपलेला संकेत मोठा करतो. दूरच्या रेडिओ केंद्राचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसेच हे. फोटोतली खरखर म्हणजे नॉइज (दाणेदार, रंगीत ठिपके). बुवांच्या काळ्या कोटाच्या चुण्यांत ती आधी दिसते.

म्हणून आयएसओ १०० लाच धरून बसणेही बरोबर नाही. काळा फोटो संपादनात उजळला, तरी दाणे वर येतातच.

शटर १/१२० सेकंदावरून १/३० वर आणला तर चौपट प्रकाश मिळतो. बसलेल्या पेटीवाल्यासाठी हे चालेल. टाळ वाजवणारे हात मात्र पुसट होतील, आणि हललेला फोटो संपादनात सहसा सुधारत नाही. तिथे आयएसओ बिनधास्त वाढवा.