काठावर पडलेल्या होडीचे विज्ञान

लातूर शहराला पाणी पुरविणारे मांजरा धरण तुम्हांला ठाऊकच आहे. बीड जिल्ह्यात धनेगाव येथे मांजरा नदीवर ते बांधलेले आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात हे धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिलला मिरजेहून दहा टाक्यांची पहिली पाणीगाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. त्या दिवसांत घागरीभर पाण्याची किंमत सर्वांना कळली. पण धरण आटले की आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. धरणात मासेमारी करणाऱ्या भोई बांधवांच्या होड्या भेगाळलेल्या गाळावर तशाच पडून राहतात. पाऊस पडतो, धरण पुन्हा भरते आणि मग प्रश्न येतो : ही होडी आता पाण्यात घालावी का?

नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचा शंकरसागर जलाशय आहे. तेथे काय किंवा मांजरावर काय, लाकडाच्या, लोखंडी पत्र्याच्या, फायबरच्या होड्या चालतात. कोणी थर्माकोलच्या तराफ्यावर बसूनही जाळे टाकतो. आज आपण विचार करणार आहोत तो अॅल्युमिनियमच्या होडीचा. अशी एक होडी चार-पाच वर्षे काठावर पालथी-उताणी पडून होती असे समजा. तळात गाळ भरलेला, दोन-चार रिव्हेट ढिले झालेले, पत्र्यावर पांढरी भुकटी आलेली. भंगारवाला वजनावर भाव करायला तयार आहे. ती विकावी की दुरुस्त करावी? याचे उत्तर तुमच्या शाळेतल्या पदार्थविज्ञानात आणि रसायनशास्त्रात आहे.

हलकी, पण किती?

आपल्याकडे घराघरात ज्याला ‘जर्मनचे भांडे’ म्हणतात ते अॅल्युमिनियमचेच असते. या धातूची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम; लोखंडाची सुमारे ७.८. आपली होडी ४ मीटर लांब आहे आणि तिला सुमारे ९ चौरस मीटर पत्रा लागला आहे असे धरू. पत्रा २ मिलिमीटर जाडीचा असेल, तर त्याचे आकारमान ०.०१८ घनमीटर आणि वस्तुमान सुमारे ४९ किलोग्रॅम होते. तोच पत्रा लोखंडाचा असता तर १४० किलोग्रॅम भरला असता. आतल्या फासळ्या, बैठका वगैरे धरून आपली होडी ८० किलोची आहे असे मानू. दोघे-तिघे मिळून ती सहज उचलून नेतील. पाणी दरवर्षी मागे हटणाऱ्या जलाशयात ही केवढी सोय!

या धातूचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. एके काळी तो चांदीसारखा महाग होता. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, विजेच्या साहाय्याने तो स्वस्तात मिळविण्याची एकच रीत शोधून काढली. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडण्याची कला फार पुढे गेली आणि युद्ध संपताच, १९४५ मध्ये, ग्रुमन या अमेरिकन विमान कंपनीने त्याच रीतीने होड्या बनवायला घेतल्या. म्हणजे आपली होडी विमानाची चुलत बहीणच म्हणायची!

आता भंगाराचा हिशेब. आपल्या कोल्हापूर-रत्नागिरीकडे सापडणाऱ्या बॉक्साइटसारख्या खनिजापासून एक किलो अॅल्युमिनियम मिळवायला सुमारे १५ युनिट वीज लागते. ८० किलोंच्या होडीत १,२०० युनिट वीज साठवली आहे, असे समजायला हरकत नाही. धातू वितळवून पुन्हा वापरता येतो आणि त्याला वीजही फार थोडी लागते, हे खरे. परंतु वितळवल्यावर होडी उरत नाही, आणि कोळ्या-भोयाला हवी असते ती होडी.

पांढरी भुकटी कोठून आली?

अॅल्युमिनियम गंजत नाही असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. उलट, हवेतील प्राणवायूशी हा धातू फार चटकन संयोग पावतो. पण त्यातून होणारा ऑक्साइडचा थर अतिशय पातळ, घट्ट आणि अभेद्य असतो. ओरखडा उठला तरी क्षणात नवा थर तयार होतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, त्यामुळे आतले लोखंडही कुरतडले जाते. अॅल्युमिनियमचा ‘गंज’ मात्र चिलखताचे काम करतो.

मग बिघडते कोठे? तळातल्या ओल्या गाळाखाली, कुजलेल्या पाल्याखाली, भिजक्या गोणपाटाखाली हवा पोचत नाही. तेथे चिलखत फाटले, की पुन्हा शिवले जात नाही. पत्र्याला बारीक खड्डे पडू लागतात आणि वर पांढरी भुकटी जमते. उघड्यावर उन्हात पडलेला भाग ठणठणीत आणि गाळाखालचा भाग चाळणीसारखा, असे दिसते ते यामुळेच. म्हणून दुरुस्तीचे पहिले काम म्हणजे गाळ काढणे.

दुसरा शत्रू म्हणजे परका धातू. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्यामध्ये पाणी आले, की विद्युत् घट तयार होतो. तुम्ही लिंबात तांब्याची तार आणि जस्ताची पट्टी खोचून हे पाहिले असेल. या घटात अधिक क्रियाशील धातू झिजतो. अॅल्युमिनियम आणि तांबे यांच्या जोडीत झिजते ते अॅल्युमिनियम. गोदावरीत नाणे टाकण्याची प्रथा आहे. त्यातले एखादे जुने तांब्याचे नाणे होडीच्या तळात, फळीखालच्या ओलीत पडून राहिले, तर काही काळाने त्याच्याखाली नाण्याएवढा खड्डा पडलेला दिसेल. जाळ्याला लावलेल्या शिशाच्या गोळ्या, लोखंडी खिळे, पितळेचे स्क्रू यांचेही तेच. म्हणून जुन्या रिव्हेटच्या जागी लोखंडी बोल्ट ठोकून देणे ही दुरुस्ती नव्हे. तो पुढच्या भोकाचा पाया होय.

साफ करायचे, पण कशाने?

धुण्याचा सोडा, चुना, राख हे पदार्थ अल्कधर्मी आहेत. ते ऑक्साइडचा थर विरघळवतात, म्हणून ते वापरू नयेत. तारेचा लोखंडी ब्रशही नको. त्याचे सूक्ष्म कण पत्र्यात रुतून बसतात आणि प्रत्येक कणाभोवती एक छोटा घट सुरू होतो. साधा साबण, भरपूर पाणी आणि काथ्याचा कुंचला पुरेसा आहे.

भोक शोधण्याची उलटी रीत

होडीत पाणी कोठून येते हे पाण्यात बसून शोधणे कठीण. म्हणून उलटे करावे. होडी लाकडी ओंडक्यांवर नीट टेकवून ठेवावी, बाहेरची बाजू कोरडी पुसावी आणि आत पाणी ओतावे. आत येणारे पाणी ज्या वाटेने येते, त्याच वाटेने ते बाहेर जाईल. जेथे थेंब दिसेल तेथे खडूने खूण करावी. मात्र पाणी आठ-दहा सेंटिमीटरहून जास्त भरू नये. तळाचे क्षेत्रफळ ४ चौरस मीटर धरले, तर १० सेंटिमीटर पाण्याचे वजनच ४०० किलो होते. टेकू नीट नसतील तर होडी वाकेल.

एक रिव्हेट निखळला तर काय होते? ३ मिलिमीटर व्यासाचे भोक पाण्याखाली ८ सेंटिमीटरवर असेल, तर पाणी आत शिरण्याचा वेग २ × ९.८ × ०.०८ याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सेकंदाला सुमारे सव्वा मीटर येतो. भोकातून जाताना धार आकसते हे लक्षात घेतले, तरी तासाला सुमारे १९ लिटर पाणी आत येते. दीड-दोन घागरीच म्हणाना! एक भोक असेल तर डब्याने उपसता येईल. अशी दहा भोके असतील तर उपसणाऱ्याला जाळे टाकायला हात मोकळा राहणार नाही.

ठिगळ कसे लावावे?

ढिला रिव्हेट पुष्कळदा पुन्हा घट्ट बसवता येतो. एकाने रिव्हेटच्या डोक्याला जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने आतून शेपटीवर हातोडीने ठोकायचे. साधे पॉप रिव्हेट मधून पोकळ असतात, त्यातून पाणी झिरपते. बंद तोंडाचे घ्यावेत, आणि तेही अॅल्युमिनियमचेच.

मोठ्या भोकावर त्याच जातीच्या पत्र्याचे ठिगळ, मध्ये रबरासारखे लवचिक सीलंट आणि कडेने रिव्हेटची ओळ, अशी रचना करावी. ठिगळाचे कोपरे मात्र गोल हवेत. कागदाला छोटा काप देऊन दोन्ही बाजूंनी ओढा. तो कापाच्या टोकापासूनच फाटेल. टोकदार कोपऱ्यापाशी ताण एकवटतो. १९५४ साली ‘कॉमेट’ या जेट विमानाच्या अपघातांच्या चौकशीत हाच धडा मिळाला : विमानाचे अंग खिडक्यांसारख्या कापांच्या कोपऱ्यांपाशी तडकले होते. पत्र्याला चीर गेली असेल, तर तिच्या टोकाशी एक लहान गोल भोक पाडतात. टोकदार चीर त्या गोलाईत थांबते. मग त्यावर ठिगळ बसवतात.

‘गावातल्या वेल्डरकडून जोडून का घेऊ नये?’ असे तुम्ही विचाराल. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्यावरचा ऑक्साइड वितळायला २,००० अंशांहून अधिक तापमान लागते. वरचे चिलखत तसेच आणि आतला धातू पाणी झालेला, अशी अवस्था होते. शिवाय लोखंडाप्रमाणे तो लाल होऊन इशाराही देत नाही; एकदम ढासळतो. त्यासाठी आर्गॉन वायू वापरणारे खास वेल्डिंग आणि सरावलेला हातच हवा.

होडी सजवणे, म्हणजे जीव सांभाळणे

आता होडी पाण्यात घालू. पाण्याशी टेकणारे तिचे क्षेत्रफळ साधारण ४ चौरस मीटर आहे. ती १ सेंटिमीटर बुडाली की ०.०४ घनमीटर, म्हणजे ४० लिटर पाणी बाजूला सारते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तिला ४० किलोंचा आधार मिळतो. रिकामी होडी ८० किलोंची, म्हणजे ती २ सेंटिमीटर बुडेल. त्यात तीन माणसे, जाळी आणि मासे मिळून २४० किलो चढले, तर आणखी ६ सेंटिमीटर. काठ ५० सेंटिमीटर उंच असेल, तर ४२ सेंटिमीटर अजून वर आहे.

या हिशेबाने दहा माणसेही बसतील असे वाटते. पण येथेच घात होतो. हा हिशेब होडी सरळ असतानाचा आहे. माणसे उभी राहिली की गुरुत्वमध्य वर जातो. सगळी एका बाजूला झुकली की तो बाजूला सरकतो आणि काठ पाण्याखाली जातो. आकडे बरोबर असूनही होडी उलटते. म्हणून बैठका खाली असाव्यात, ओझे मध्यभागी व तळाशी असावे, आणि उभे राहून कोणी जागा बदलू नये.

पाण्याने भरली तर अॅल्युमिनियमची होडी बुडेल का? नक्की बुडेल. ८० किलो अॅल्युमिनियम फक्त सुमारे ३० लिटर पाणी बाजूला सारते. उरलेले ५० किलो तिला खाली ओढतात. गळ्यापर्यंत पाण्यात राहून काठ धरून असलेल्या माणसांचा भार माणशी १० किलो धरला, तर तिघांचे आणखी ३०. म्हणजे ८० किलोंचा आधार हवा. १०० लिटर आकारमानाचे थर्माकोल अवघे दोन किलो वजनाचे असते आणि ते ९८ किलोंचा आधार देते. घट्ट बुचांचे २० लिटरचे पाच रिकामे कॅनही जवळजवळ तेवढेच काम करतील. इंजिन लावायचे असेल, तर त्याच्या वजनासाठी हा आधार आणखी वाढवावा. मात्र हे सारे तळाशी न ठेवता दोन्ही बाजूंना, काठाजवळ पक्के बांधावे. खाली बांधले तर पाण्याने भरलेली होडी पालथी होईल. आणखी एक काळजी : थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळते. त्यामुळे इंजिन असेल तेथे कॅनच बरे.

फळ्या घालताना तांब्याचे क्षार मुरवलेले लाकूड अॅल्युमिनियमला टेकू देऊ नये. रंग द्यायचा तर शिसे किंवा तांबे असलेला नको. गोड्या पाण्यात रंगावाचूनही चालते; चिलखत आहेच. शेवटी वल्ही, नांगर, दोर, उपसण्याचा डबा आणि प्रत्येक माणसागणिक एक जीवरक्षक जाकीट. हे शेवटचे सामान नसेल, तर आधीची सारी मेहनत फुकट आहे.

आपला मराठवाडा दुष्काळी खरा, पण पाणी येते तेव्हा कसे येते हेही आपण पाहिले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात पुराने गावे वेढली आणि अडकलेल्या लोकांना सोडवायला बचाव पथकांना धावावे लागले. अशा वेळी गावच्या काठावर पडलेली होडी पाण्यात घालण्याजोगी आहे की नाही, हे पूर आल्यावर तपासता येत नाही. ते उन्हाळ्यातच तपासायचे असते.

करून पाहा : दोन पेल्यांत मिठाचे पाणी घ्या. एकात अॅल्युमिनियमच्या वर्खाची नुसती पट्टी बुडवा. दुसऱ्यात तशीच पट्टी, पण तिच्याभोवती घासून स्वच्छ केलेली तांब्याची तार गुंडाळून बुडवा. आठ दिवस रोज पाहा आणि पट्टी उजेडासमोर धरून भोके मोजा. कोणत्या पेल्यात आधी भोक पडले, आणि ते तारेपासून किती अंतरावर होते, याची नोंद वहीत ठेवा. एखाद्या धरणाकाठी गेलात, तर तेथल्या होडीवाल्या काकांना ती नोंद दाखवा आणि त्यांच्या होडीत कोठे कोणता धातू टेकला आहे ते दोघे मिळून पाहा.