नांदुऱ्याहून समुद्रापर्यंत

आपले नांदुरा गाव मुंबई-भुसावळ-नागपूर या लोहमार्गावर आहे. रात्री निजलो तरी गाडीची शिटी कानावर येते. माझ्या अब्बांनी नांदुऱ्याच्या बाजारात चाळीस वर्षे हमाली केली. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या त्यांनी रोज पाहिल्या. पण स्वतः ते भुसावळच्या पुढे कधी गेले नव्हते. "एकदा समुद्र बघायचा आहे," असे ते म्हणत. त्यांचे गुडघे दुखू लागले, तेव्हा मला वाटले, की आता उशीर करणे बरे नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे निघालो. आगगाडी, लाँच आणि मोटार अशा तीन वाहनांचा हा प्रवास होता. त्यात आम्ही काय पाहिले आणि ते तसे का आहे, हे या पाठात सांगतो.

प्रवास आरामाचा व्हावा आणि वाटही दिसावी, म्हणून आम्ही दिवसाची गाडी निवडली. पहाटे भुसावळ गाठले आणि तेथून मुंबईची गाडी धरली. अब्बांना खिडकीजवळची जागा दिली. भुसावळ-जळगावच्या परिसरात केळीच्या बागा दिसल्या. चाळीसगाव मागे पडले आणि डोंगर जवळ आले. मनमाडजवळ अंगठ्यासारखा एक उंच सुळका उभा आहे, तो पाहून अब्बा हसले. पुढे लासलगावचे कांदे आणि निफाडची द्राक्षे. एकाच दिवसात पिके बदलत होती, पण माती बहुतेक काळीच होती.

नाशिक आले तेव्हा अब्बांनी विचारले, "बेटा, आपल्या ज्ञानगंगेचे पाणी कुठे जाते?"

हा प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. आपली ज्ञानगंगा पूर्णा नदीला मिळते. पूर्णा पश्चिमेकडे वाहत जाऊन जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळते. तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. म्हणजे समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आपल्या गावचे पाणी अरबी समुद्रात जाते. याउलट गोदावरी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते. तेथून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटरवर आहे. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे 1,465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. याचे कारण सह्याद्री. हा पर्वत पश्चिमेला भिंतीसारखा उभा आहे आणि पूर्वेला त्याचा उतार मंद आहे. पाणी उताराकडेच जाणार! तापी-पूर्णेचे खोरे मात्र सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये पश्चिमेकडे उतरते.

"म्हणजे समुद्रात आपलेही पाणी आहे," अब्बा म्हणाले आणि पुन्हा बाहेर पाहू लागले.

इगतपुरीला गाडी थांबली. येथून थळ घाट सुरू होतो. त्याला कसारा घाटही म्हणतात. भारतातली पहिली प्रवासी आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली; पण या घाटातून सह्याद्री ओलांडायला आणखी बारा वर्षे लागली. हा घाटमार्ग 1865 साली सुरू झाला आणि 1867 साली लोहमार्ग नागपूरला पोहोचला. इगतपुरी ते कसारा हे अंतर सुमारे 14 किलोमीटर आहे. तेवढ्यात गाडी सुमारे 300 मीटर खाली उतरते. येथे उताराचे प्रमाण 37 मीटरला एक मीटर असे आहे. बैलगाडीला हा उतार काहीच वाटणार नाही. पण आगगाडीचे चाक लोखंडी आणि रूळही लोखंडी. दोन्ही गुळगुळीत, त्यामुळे घर्षण फार कमी. म्हणून उतरण्यापूर्वी ब्रेक तपासतात. ताबा सुटलेली गाडी वळवून थांबवता यावी, यासाठी घाटात चढाच्या आडवाटाही ठेवलेल्या आहेत.

गाडी बोगद्यात शिरली की अंधार होई आणि बाहेर पडली की खोल दरी दिसे. अब्बा प्रत्येक बोगदा बोटांवर मोजू लागले, पण मध्येच दरी पाहता पाहता मोजणी विसरले. कल्याण आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. पश्चिमेला बारीक चंद्रकोर दिसली. अब्बांनी हात उचलून दुआ मागितली. त्या चंद्रकोरीत आमच्या पुढच्या प्रवासाविषयी एक सूचना होती. ती मात्र माझ्या लक्षात आली नाही.

रात्री मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि सकाळी गेटवे ऑफ इंडियाला गेलो. 1924 साली पूर्ण झालेल्या या भव्य कमानीच्या धक्क्यावरून मांडव्याला लाँच सुटतात. मांडवा हे अलिबागजवळचे बंदर. मुंबईहून रस्त्याने तेथे जायचे, तर खाडीला वळसा घालून, पेणवरून शंभराहून अधिक किलोमीटर जावे लागते. समुद्रावरून हे अंतर 20 किलोमीटरच्या आत आहे आणि तासाभरात पार होते. जमीन जेथे वळसा घालते, तेथे पाणी सरळ वाट देते. 2020 सालापासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोटारी वाहून नेणारी मोठी रो-रो बोटही मांडव्याला जाते.

पावसाळ्यात गेटवेच्या या लाँच बंद असतात, कारण नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याने समुद्र खवळलेला असतो. इतर दिवसांतही काळजी घ्यावीच लागते. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेली एक प्रवासी बोट टक्कर होऊन बुडाली आणि अनेकांचे प्राण गेले. म्हणून लाँचमध्ये बसताना तरंगण्याचे जाकीट कुठे आहे ते पाहावे, ते अंगात घालावे आणि सगळ्यांनी एकाच बाजूला गर्दी करू नये. अब्बांना मी मधल्या बाकावर बसवले. बोट मध्यभागी कमी हलते. पांढरे पक्षी लाँचच्या मागे उडत होते. किनारा दूर गेला आणि चारी बाजूंना पाणी झाले, तेव्हा अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "एवढे पाणी आणि आपल्याकडे उन्हाळ्यात घागरीसाठी रांग!"

मांडव्याला आम्ही भाड्याची मोटार केली. वृद्ध माणसाबरोबर जाताना मोटारीचा एक फायदा असतो. मनात येईल तेथे थांबता येते. अलिबाग, रेवदंडा, काशीद आणि मुरूड असा रस्ता होता. नारळी-पोफळीच्या बागांमधून तो जात होता. माती आता लाल दिसत होती. अब्बांनी थोडी उचलून चिमटीत चुरडली. खरे पाहता आपली काळी माती आणि ही लाल माती, दोन्ही एकाच काळ्या खडकाची लेकरे आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेला लाव्हा थंड होऊन तो खडक बनला. आपल्या जिल्ह्यात पावसाची वार्षिक सरासरी हजार मिलिमीटरही नाही. कोकणात दोन ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसात खडकातले विरघळणारे क्षार वाहून जातात आणि लोह मागे उरते. लोखंडाला गंज चढावा, तसा मातीला तांबडा रंग येतो.

रेवदंड्याचा खाडीपूल ओलांडल्यावर कोर्लई गाव लागते. तेथे पोर्तुगिजांच्या काळचा किल्ला आहे. गावातली काही ख्रिस्ती कुटुंबे घरात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली बोलतात. ती बोलणारे लोक जेमतेम हजाराच्या घरात आहेत. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, हे आपल्यालाही नवे नाही!

दुपार उलटल्यावर आम्ही राजपुरीला पोहोचलो. समोर समुद्रात जंजिरा किल्ला होता. मुलांनो, हे नाव तुम्हांला ओळखीचे वाटेल. 'जजीरा' म्हणजे बेट. त्यावरूनच 'जंजिरा' हा शब्द आला. हा किल्ला सिद्दींच्या ताब्यात होता. सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतले. छत्रपती शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज यांनी त्यावर मोहिमा काढल्या, पण तो जिंकता आला नाही. 1948 साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले. किल्ल्याच्या चारी बाजूंना खारे पाणी आहे आणि आत मात्र गोड्या पाण्याचे तलाव आहेत. त्याचा मुख्य दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

आम्ही शिडाच्या होडीत बसलो. दरवाजाजवळ आलो, तेव्हा होडी वरखाली होऊ लागली. पाणी वेगाने ओसरत होते. खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांवर शेवाळ होते. होडीतून त्या पायऱ्यांवर पाऊल टाकायचे होते. तरुण माणसे उतरली. अब्बा उभे राहिले, एक पाय पुढे केला आणि गुडघा लटपटला. नावाड्याने त्यांना सावरून पुन्हा बसवले. तो म्हणाला, "चाचा, आज उधाण आहे. भांगाच्या दिवसांत आला असतात, तर पाणी एवढे ओढले नसते."

मी मनातून ओशाळलो. भरती-ओहोटी मी शाळेत शिकवतो. चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणाने समुद्राचे पाणी चढते आणि उतरते. एका भरतीनंतर सुमारे 12 तास 25 मिनिटांनी दुसरी भरती येते. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र होते. त्या वेळी आणि त्यानंतर एक-दोन दिवस पाणी फार चढते आणि फार उतरते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते आणि चढउतार कमी होतो. हा भांग. कोळी बांधव हे तिथीवरून ओळखतात. आपल्याला तर आणखी सोपे आहे, कारण हिजरी महिना चंद्रावरच चालतो. चांदाची पहिली-दुसरी आणि चौदावी-पंधरावी तारीख म्हणजे उधाण. सातवी-आठवी आणि बाविसावी म्हणजे भांग. उर्दूत भरती-ओहोटीला 'मद्द-ओ-जजर' म्हणतात. त्यातला 'जजर' आणि 'जजीरा' हे एकाच अरबी धातूपासून आले आहेत. दिवाळी अमावास्येला असते. चंद्रकोर मी डोळ्यांनी पाहिली होती, तरी हिशेब केला नाही.

बाकीचे लोक किल्ला पाहून येईपर्यंत मीही होडीतच थांबलो. "तू जा, पाहून ये," असे अब्बा दोनदा म्हणाले, पण मी गेलो नाही. त्यांनी काठावरून हात खाली सोडला, ओंजळभर पाणी घेतले आणि जिभेला लावून पाहिले. "खारट झाले," ते म्हणाले, "पण आपल्याकडचेच आहे. किल्ला राहिला तर राहिला. पुढच्या वेळी चांदाची तारीख बघून येऊ."

परतीच्या प्रवासात कसाऱ्याला गाडी थांबली. खाली उतरून पाहिले, तर गाडीच्या मागच्या टोकाला आणखी इंजिने जोडत होते. घाट चढताना पुढचे इंजिन ओढते आणि ही मागची इंजिने ढकलतात. त्यांना बँकर म्हणतात. इगतपुरीला चढ संपला, की ती सोडवून घेतात. मी हे अब्बांना समजावू लागलो, पण त्यांना ते आधीच कळले होते. "पाठीवर क्विंटलचे पोते घेऊन फळीवरून ट्रक चढताना मागून कोणीतरी नुसता हात लावला, तरी माणूस वर जातो," ते म्हणाले.

आपल्या आईवडिलांनी आपल्याला घेऊन असे कितीतरी घाट चढलेले असतात. आता त्यांच्या चढावर मागून हात लावण्याची पाळी आपली आहे. सुट्टी आली, की त्यांना विचारा, त्यांचे काय पाहायचे राहिले आहे. मात्र निघण्यापूर्वी वाट नीट समजून घ्या आणि समुद्राकडे जाणार असाल, तर आधी चांदाची तारीख बघा.