टॅब्लेटवर पान अडते कोठे?

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा आठवडा होता. खानवेलहून रोज बसने सिल्वासाला येणारी आमची एक विद्यार्थिनी ग्रंथालयात टॅब्लेट घेऊन बसली होती. नाव, उत्पन्न, बँकेचा खाते क्रमांक, सारे भरून झाले. ओटीपी पाहण्यासाठी ती क्षणभर मेसेजकडे गेली आणि परत येते तो अर्ज कोरा! असे तीनदा झाले. "सर, नेट गेलं," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. नेट गेले नव्हते. त्याच वाय-फायवर शेजारच्या मुलाच्या फोनात क्रिकेटचा सामना चालू होता.

पान उघडले नाही की आपण नेटला दोष देऊन मोकळे होतो. पण पुष्कळदा अडथळा टॅब्लेटच्या पोटातच असतो. दुकानदार सांगतो ते 'बत्तीस जीबी' म्हणजे सामान ठेवायचे कपाट. प्रत्यक्ष काम चालते ते रॅम नावाच्या टेबलावर, आणि स्वस्त टॅब्लेटचे हे टेबल लहान असते. तुम्ही दुसरीकडे वळलात आणि जागा कमी पडली, की यंत्र आधीचे पान टेबलावरून काढून टाकते. परत आलात की ते पान नव्याने मागवले जाते. भरलेला मजकूर कोठे साठवलेला नसेल, तर तो गेलाच. कपाटात मेमरी कार्ड घालून टेबल मोठे होत नाही, हे कित्येकांना पैसे खर्चून कळते.

विद्यार्थ्यांच्या हाती स्वस्त टॅब्लेट द्यावी म्हणून सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये 'आकाश' आणली. किंमत सव्वादोन हजारांच्या आसपास, रॅम २५६ मेगाबाइट, प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा. हेतू उत्तम, पण वेग फारच कमी, अशी टीका लगेच झाली. पुढे काम मुंबईच्या आयआयटीकडे आले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये 'आकाश-२' निघाली. तिची रॅम दुप्पट, प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा. आज साध्या टॅब्लेटलाही दोन-तीन गिगाबाइट रॅम असते. मग तक्रार तीच का?

कारण मधल्या काळात पानेही लठ्ठ झाली. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साठवायला सामान्यतः तीन बाइट लागतात (आपल्या कन्नड विभागातील मित्रांच्या लिपीचेही तसेच). त्या हिशेबाने हा सबंध लेख आठ-दहा किलोबाइटांत मावेल. उलट आज अनेक पाने दोन मेगाबाइटांच्या पुढे, म्हणजे दोनशेपट जड असतात. त्यात चित्रे असतात, जाहिराती असतात, आणि सर्वांत महाग पडते ती जावास्क्रिप्ट. चित्र आले की दाखवायचे, एवढेच काम. पण स्क्रिप्ट वाचून, समजून, चालवावी लागते. तेथे दुबळा प्रोसेसर धापा टाकतो. पान दिसते, पण बोट टेकवले तरी हलत नाही, ते यामुळे.

नेटचा दोष कधीच नसतो, असे मात्र नव्हे. पट्ट्या भरलेल्या दिसतात तेव्हा टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत येतो, इतकेच समजावे. त्या टॉवरवर गर्दी किती, हे पट्ट्या सांगत नाहीत. वाय-फायचेही तसेच. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे, असा वर्गातल्यासारखा नियम. भिंतीआड बसलेला सावकाश बोलतो आणि इतरांचाही वेळ खातो. खानवेलच्या बाजूला डोंगर आडवे येतात, ते वेगळेच.

दोष कोणाचा हे ओळखायला तेच पान त्याच वाय-फायवर दुसऱ्या यंत्रात उघडून पाहावे. तेथे झटकन उघडले तर खोट आपल्या टॅब्लेटमध्ये. दोन्हीकडे अडले आणि इतर पानेही अडली, तर नेटमध्ये. इतर पाने उघडतात, तेवढेच उघडत नाही, तर ज्यांनी ते पान बांधले त्यांना विचारावे. शेवटच्या तारखेला सारा गाव त्याच दारात उभा असतो, हेही ध्यानात घ्यावे.

त्या मुलीला आम्ही अर्ज आधी कागदावर लिहायला लावला. बाकीची ॲप बंद केली. टॅब्लेटमधले सिम मैत्रिणीच्या फोनात घातले, म्हणजे ओटीपीसाठी पान सोडायला नको. चौथ्या खेपेस अर्ज गेला. पोचपावती उघडण्याआधी मात्र वीज गेली आणि वाय-फाय खरोखरच बंद पडले. पावती तिने दुसऱ्या दिवशी काढली.