एन. डी. स्टुडिओ: तालुक्यातला, पण तालुक्याचा?

मुंबईकर ज्याला कर्जतचा स्टुडिओ म्हणतात, तो खरं तर खालापूर तालुक्यात, चौकजवळ आहे. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी 2005 मध्ये सुमारे 52 एकरांवर एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’साठी इथे आग्र्याचा किल्ला उभा राहिला, ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेसाठी शिवकाल. लाकडी सांगाडा, वर प्लाय, त्यावर पीओपीचा थर आणि शेवटी दगड भासावा असा रंगाचा हात, असं हे सेटचं काम. पण या कारागिरीने उभे केले ते दूरचे किल्ले नि दरबार. कर्जत-खालापूरचा हा भाग स्वतःच्या नावाने पडद्यावर क्वचितच आला.

मुंबईची गरज भागवणं ही या भागाची जुनीच सवय. खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज 1915 पासून मुंबईच्या गिरण्यांना गेली. बोरघाट चढण्यासाठी गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं कर्जतलाच लागतात. पण इंजिन जोडण्यासाठीच्या त्या थांब्यावर कर्जतने स्वतःचा धंदा उभा केला. थांबा रेल्वेच्या सोयीचा, पण स्टेशनवरचा दिवाडकरांचा वडा कर्जतचाच झाला. स्टुडिओच्या बाबतीत नेमकं हेच राहून गेलं.

यावर कुणी म्हणेल, स्टुडिओ हा कारखाना. त्याला मातीशी नातं कशाला हवं? कारखाना म्हणून बघितलं तरी हिशेब सोपा नाही. भव्य सेटचा धंदा बाहेरच्या निर्मात्यांच्या तारखांवर चालतो, कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. जुलै 2023 मध्ये सुमारे 252 कोटींच्या थकबाकीवरून स्टुडिओ दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि पुढच्याच महिन्यात देसाई गेले. दुसरा आक्षेप असा, की लहान गावाला सिनेमा झेपत नाही. कोल्हापूरने तो शंभर वर्षांपूर्वीच खोडून काढला आहे. बाबूराव पेंटरांनी कॅमेराही तिथेच घडवला आणि 1925 मध्ये ‘सावकारी पाश’मधून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. कथांची वाण तर इथेही नाही. माथेरानचे स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले; त्यांच्यावरचा मराठी चित्रपट 2020 मध्ये आला.

2025 पासून स्टुडिओचा कारभार राज्याच्या चित्रपट महामंडळाकडे आहे. बाहेरच्यांना भाड्याने देऊन तो चालेलही. पण वर्षातले काही दिवस परवडणाऱ्या दरात कर्जत-खालापूरच्या नवख्या दिग्दर्शकांसाठी राखले, इथल्या पोरांना सेट, प्रकाश नि ध्वनीचं काम शिकवलं, तरच तालुक्यातला हा स्टुडिओ तालुक्याचा होईल.